बाबांची ग्रॅच्युइटी आणि कॉम्रेड बर्धन : एका वीज कामगार काकांचे आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

बाबांचे ग्रॅच्युइटीचे, म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल मालकानं द्यायचे पैसे व्याजासकट खात्यात जमा झाले, हे फोनवर सांगितलंच होतं. पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही "बाबाले चांगलं खाऊपिऊ घाल" म्हणून फोन ठेवून देता. म्हणून हे उघड पत्र.

मालकानं दिलेला हिशेबाचा कागद घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही तो पालथा घातलात आणि पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं आकडे मांडलेत. शेवटचा पगार ७,८०० रुपये. "ह्यायनं तीसनं भागलं. ग्रॅच्युइटीले सव्वीसनं भागा लागते, १९७२ च्या कायद्यापासूनचा नियम आहे." सव्वीसनं भागल्यावर रोजचे ३०० झाले, दर वर्षामागे पंधरा दिवसांचे ४,५०० आणि बावीस वर्षांचे ९९,०००. मालकाच्या कागदावर होते ८५,८००. तेही "बघू, देऊ" करत लांबवलेले. मग रीतसर अर्ज, तीस दिवसांची मुदत आणि ती उलटल्यावर कामगार कार्यालयात दावा. प्रत्येक तारखेला गुडघे धरत जिने चढून तुम्ही आलात. बाबांनी पाकीट पुढे केलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात. हे शिकवणारा माणूस पैसे घेत नव्हता, म्हणालात. तो माणूस म्हणजे कॉम्रेड ए. बी. बर्धन.

मला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, की टीव्हीवर खणखणीत बोलणारे कम्युनिस्ट नेते होते. ते आपल्या नागपूरचे, हे तुमच्यामुळे कळलं. १९२४ साली पूर्व बंगालात जन्मलेला हा मुलगा शाळकरी वयात नागपूरला आला, विद्यार्थी चळवळीत पडला, १९४५ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचा अध्यक्ष झाला. अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेल्या माणसानं खुशाल वकिली करावी, तर हे कापड गिरणी, वीज, रेल्वे, छापखाना अशा कामगारांमध्ये जाऊन बसले. आणि बोलायचे अस्सल मराठीत.

१९५७ च्या निवडणुकीबद्दल बोलताना तुम्ही नेहमी आधी १९५६ पासून सुरुवात करता, आणि ते बरोबरच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. १ नोव्हेंबरला तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचा मान गेला आणि नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आलं. असं सगळं ढवळून निघालेलं असताना या शहरानं एका कम्युनिस्टाला अपक्ष म्हणून विधानसभेत पाठवलं. ज्या नागपुरात संघाचं मुख्यालय आहे, त्याच नागपुरानं! नव्या पोरांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.

पुढे लोकसभेला मात्र १९६७ मध्ये हरले, १९८० मध्ये विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोट्यांसमोर पुन्हा हरले. मला विचाराल तर तोटा नागपूरचाच झाला. पण तुम्ही त्या पराभवांवर कधी हळहळत बसला नाहीत. निवडणूक हरली म्हणून युनियनची मीटिंग रद्द होत नसते, एवढंच म्हणालात. बर्धनांनी आयुष्यभर केलं तेच. आयटक या देशपातळीवरच्या कामगार संघटनेचे सरचिटणीस झाले. १९९६ मध्ये इंद्रजित गुप्ता केंद्रात गृहमंत्री झाल्यावर भारतीय कम्युनिस्ट पक्षाचं सरचिटणीसपद बर्धनांकडे आलं, ते २०१२ पर्यंत. दिल्लीत राहायचे पक्षाच्याच कचेरीत, अजय भवनात. २ जानेवारी २०१६ ला गेले.

ज्या आयटकचं १९२९ चं अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली याच नागपुरात भरलं आणि तिथेच फुटलं, त्या संघटनेचं काम एका नागपूरकरानं पुढे देशभर सांभाळलं. हे आपल्या शाळांमध्ये कुणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

काका, आमदारकीची पाच वर्षं मोजून हा माणूस कळत नाही. तुमच्यासारखी किती माणसं त्यांनी कायदा वाचायला, आकडा तपासायला, अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबलावरून न हलायला शिकवली असतील! पोच घेण्याचा तुमचा हट्ट तेव्हा मला जास्तच वाटायचा. दाव्याच्या वेळी मालकाचा माणूस "अर्ज मिळालाच नाही" म्हणाला आणि तुम्ही शिक्का मारलेली प्रत शांतपणे पुढे सरकवलीत. बाबांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, तेव्हा आता मी रस्ता बंद म्हणून वैतागत नाही. थांबून मागण्यांचं पत्रक वाचतो.

एक काम आहे. बाबांबरोबरच्या दोघांचे हिशेब मी सव्वीसनं करून ठेवलेत, अर्जही लिहिलेत. एकाची नोकरी मध्ये चार महिने खंडित दाखवली आहे, ती सलग कशी धरायची ते कळत नाही. रविवारी सकाळी दोघांना घेऊन येतो. घरी असाल ना?

तुमचा,
तुम्ही ज्याला 'मास्तर' म्हणता तो