वाङ्मय मंडळाच्या नव्या सचिवास

पुणे,
४ ऑगस्ट

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या विभागाच्या वाङ्मय मंडळाचे सचिवपद या वर्षी तुझ्याकडे आले, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांनी किती मंडळांत नावे द्यावीत, ही पहिली. आणि माणसे जमल्यावर मंडळ टिकते कशाने, ही दुसरी. मला दुसरी अधिक मोलाची वाटते. महाविद्यालयाच्या नाट्यमंडळात आणि पुढे विद्यापीठात जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे, की विद्यार्थी मंडळाचा कस लागतो तो ते चालवणारे पदवी घेऊन निघून गेल्यानंतरच्या जून महिन्यात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. प्रवेश झाले की सूचनाफलक भरून जातात आणि नवे विद्यार्थी उत्साहाने नाटक, वादविवाद, गिर्यारोहण, रोबोटिक्स, राष्ट्रीय सेवा योजना अशा सगळ्या याद्यांत नावे लिहितात. दिवाळीपर्यंत त्यांतील बहुतेक याद्यांशी त्यांचा संबंध उरत नाही. त्यांना सांग, की एका मंडळात काम करावे आणि दुसऱ्या एखाद्यात केवळ श्रोता म्हणून जावे. नाव देण्यापूर्वी त्या कामाला किती वेळ लागतो, हेही त्यांना कळले पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजनेचेच पाहा. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिरही असते. हा हिशेब आधीच समोर असल्याने तिथे येणारा विद्यार्थी मनाची तयारी करून येतो. तुमच्या मंडळानेही आठवड्यातले किती तास मागणार, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, म्हणजे जे येतील ते टिकतील.

आता मुख्य विषयाकडे येतो. पुण्यात सध्या पुरुषोत्तम करंडकाचे दिवस आहेत. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेत आली आहे, आणि या दिवसांत महाविद्यालयांच्या रिकाम्या वर्गांतून रात्री उशिरापर्यंत तालमी चालतात. पदवीचा विद्यार्थी महाविद्यालयात राहतो तीन किंवा चार वर्षे. तरीही काही महाविद्यालयांच्या नाट्यमंडळांची ओळख पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, याचे मला विद्यार्थी असल्यापासून कुतूहल होते. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. आमच्या मंडळात पहिल्या वर्षाची मुले नेपथ्य उचलत, प्रकाशयोजना करणाऱ्याच्या शेजारी बसत, कपड्यांना इस्त्री करत आणि हे करता करता संपूर्ण संहिता त्यांना तोंडपाठ होई. पुढच्या वर्षी त्यांतलेच काही रंगमंचावर उभे राहत आणि त्याच्या पुढच्या वर्षी एखादा दिग्दर्शन करी. नोकरीला लागलेले जुने विद्यार्थी संध्याकाळी तालमीला येऊन मागच्या बाकावर बसत. शिकवण्याचा वेगळा तास कोणी घेत नव्हते; जवळ बसण्यातूनच सगळे एका हातातून दुसऱ्या हातात जात होते.

ही साखळी किती नाजूक असते, हे कोविडच्या काळाने दाखवले. महाविद्यालये बंद राहिली, तालमी थांबल्या आणि ज्यांनी शिकवायचे ते ज्यांना शिकवायचे त्यांना भेटण्यापूर्वीच उत्तीर्ण होऊन गेले. २०२२ मध्ये पुण्याच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कोणत्याही संघाला न देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. परंतु त्या वर्षीच्या मुलांकडे गुणांची कमतरता होती असे मला वाटत नाही. त्यांच्या शेजारी बसणारे कोणी नव्हते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

याहून मोठे उदाहरण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे सीओईपीचे आहे. तेथील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा एक किलोपेक्षाही कमी वजनाचा उपग्रह तयार केला आणि २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणाने आणखी १९ उपग्रहांबरोबर तो अवकाशात नेला. हे काम २००८ मध्ये सुरू झाले होते. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची, म्हणजे ज्यांनी पहिले आराखडे काढले ते प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी महाविद्यालयातून बाहेर पडले होते आणि ज्यांनी अखेरच्या चाचण्या केल्या ते आरंभीच्या काळात शाळेत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पीएसएलव्ही-सी३५ ने गेलेला आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हाही विद्यार्थ्यांचाच उपग्रह, आणि तोही असाच कित्येक तुकड्यांच्या हातांतून गेलेला. अशा कामात सर्किटचा एखादा भाग का बदलला, कोणती चाचणी कशामुळे फसली, हे लिहून ठेवले नसेल, तर पुढच्या तुकडीला तेच पुन्हा पहिल्यापासून करावे लागते आणि उपग्रह कधीच पुरा होत नाही. आपल्या हयातीत, म्हणजे आपल्या विद्यार्थिदशेत, जे पूर्ण होणार नाही हे ठाऊक आहे, त्यासाठी विशीतल्या मुलांनी नेटाने काम करावे, याचे मला विलक्षण अप्रूप वाटते. विद्यार्थी मंडळ म्हणजे काय असू शकते, याचे याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

तुझ्या मंडळाला उपग्रह सोडायचा नाही, पण नोंदवही तुलाही हवी. जाड पुठ्ठ्याची एक वही घे आणि ती विभागाच्या कपाटात ठेव. स्वतःच्या खोलीवर नेऊ नकोस. सभागृहाच्या परवानगीचा अर्ज कोणाकडे आणि किती दिवस आधी द्यावा लागला, ध्वनिक्षेपकाचे भाडे किती पडले, कोणत्या वक्त्याने प्रवासखर्च मागितला आणि कोणी तो प्रेमाने नाकारला, भित्तिपत्रकासाठी किती लेख आले आणि त्यांतले किती शेवटच्या दिवशी आले, हे सगळे त्यात लिही. हल्ली या गोष्टी व्हॉट्सॲपच्या गटात असतात. दरवर्षी नवा गट निघतो आणि जुन्यातील माहिती गेलेल्या मुलांच्या फोनमध्ये राहते. नव्या सचिवाला मग पहिले दोन महिने केवळ विचारपूस करण्यात घालवावे लागतात. पैशांच्या बाबतीत एवढेच सांगतो, की मंजुरीपूर्वी खर्च करू नकोस, पावतीशिवाय पैसे देऊ नकोस आणि कोषाध्यक्ष तुझा सर्वांत जवळचा मित्र नसावा.

पुढचा सचिव जूनमध्ये शोधू नका. जानेवारीतच निवडा आणि उरलेले महिने त्याला किंवा तिला बरोबर घेऊन काम करा. निवड मात्र सभा घेऊन, मतदानाने आणि इतिवृत्त लिहून व्हावी, असा माझा आग्रह आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद होऊन गुणवत्तेनुसार प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा झाली खरी, परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी महाविद्यालयात कधी मत दिलेले नाही. सभेत आपले म्हणणे मांडणे, हरल्यावरही त्याच मंडळात काम करत राहणे, या गोष्टी आपल्याकडच्या मुलांना शिकायला मिळतात त्या अशा छोट्या मंडळांतच. लिंगडोह समितीने २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत पदाधिकारीपदाची निवडणूक लढवण्याची संधी एकदाच मिळावी, अशी एक शिफारस होती. ती मला मंडळांसाठीही योग्य वाटते, कारण एकच कर्तबगार माणूस दोन-तीन वर्षे सगळे करू लागला की भोवतालचे हळूहळू प्रेक्षक होतात.

आणखी एका गोष्टीकडे तुझे लक्ष वेधतो, आणि ती माझ्या विशेष जिव्हाळ्याची आहे. तुमचे विद्यापीठ जळगाव शहराबाहेर, महामार्गालगत आहे. भुसावळ, एरंडोल, अमळनेर अशा ठिकाणांहून रोज ये-जा करणारी मुलेमुली तुमच्या वर्गांत असणारच. बैठक संध्याकाळी सात वाजता ठेवलीस, तर मंडळ वसतिगृहातील मुलांचे होईल. मुलींना परतण्याची घाई असेल आणि एसटीने जाणारा तर येणारच नाही. कोणी मुद्दाम कोणाला वगळत नाही, वेळच वगळते. दुपारच्या सुट्टीतला पाऊण तास पुरेसा आहे.

तसेच भित्तिपत्रकाच्या भाषेविषयी. ज्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे, तिथल्या वाङ्मय मंडळात अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत लिहिणाऱ्याला आपले लेखन प्रमाण मराठीत उतरवून दे, असे कोणी सांगू नये. उलट पहिल्याच अंकाच्या आवाहनात तसे स्पष्ट लिहा. घरी त्या बोलीत सुंदर गोष्ट सांगणारी आणि वर्गात तोंड न उघडणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना कोणी तरी आधी विचारावे लागते. संपादक मंडळात त्या बोली जाणणारी निदान दोन माणसे घे, म्हणजे मुद्रितशोधनाच्या नावाखाली त्यांचे शब्द बदलले जाणार नाहीत.

पहिल्या बैठकीची तारीख ठरली की कळव. आमच्या मंडळाच्या जुन्या नोंदवहीतील अर्जांचे नमुने आणि वर्षभराच्या खर्चाचा तक्ता मी पुढच्या आठवड्यात टपालाने पाठवतो. रकमा जुन्या आहेत, पण खर्चाची खाती तीच राहतात. तुमच्या विभागात मंडळाचे जुने हस्तलिखित अंक कुठे ठेवले आहेत, याची ग्रंथालयात चौकशी कर आणि ते सापडले तर त्यांची सूची करण्याचे काम पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपव. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
सुहास