कंबर कधी दुखते, एवढं तरी विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री साहेब, मध्य प्रदेश शासन,
सादर नमस्कार.

मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते, माहेर-सासर दोन्ही इथलंच. तुमच्या ऑफिसला हिंदीत अर्ज पाठवलाय, त्याचा नंबरपण मोबाइलवर आलाय. पण अर्जात जे मावलं नाही ते इथे मराठीत लिहितेय, कारण दुखणं नीट सांगायचं तर मला माझीच भाषा लागते. आमच्याकडे कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, उसण भरते ती अजून वेगळी, आणि सकाळी अंग लाकूड होऊन जातं त्याला माझी आजी आखडणं म्हणायची. आठ वर्षं मी हे सगळं सांगत होते आणि प्रत्येक पर्चीवर एकच शब्द लिहून यायचा, कमरदर्द.

सुरुवात झाली तेव्हा मी 24 ची, मुलगी चार महिन्यांची. सगळे म्हणाले बाळंतपणानंतर होतंच, शेक घे, डिंकाचे लाडू खा, पडून राहा. मी पडून राहिले आणि दुखणं वाढत गेलं. रात्री अडीच-तीनला जाग यायची, उठून स्वयंपाकघरात ओट्याला धरून फेऱ्या मारायचे, अर्ध्या तासात जरा सुटल्यासारखं वाटलं की परत आडवी. खरं सांगू का, दुखायचं ते कंबरेत नाही, त्याच्या खाली, कुल्ल्यात खोल, आज डावीकडे तर परवा उजवीकडे. पण समोर पुरुष डॉक्टर, मागे रांग, बाजूला सासरे उभे, कुठली बाई असं तोंडाने बोलेल? मी कंबर म्हणायचे. नंतर कळलं की ही जागा आणि ही बाजू बदलणं, हीच तर मोठी खूण होती.

सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीच्या टोकाला वाजलं की माझं उठणं सुरू व्हायचं. आधी कुशीवर व्हायचं, मग कोपरावर यायचं, पाय खाली सोडायचे, भिंतीला हात लावून उभं राहायचं, आणि मी दारापर्यंत पोचेतो गाडी पुढच्या गल्लीत. ओला-सुक्याच्या बादल्या तशाच. सासूबाई कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत पण हळूहळू त्याच न्यायला लागल्या, 68 वर्षांची बाई दोन्ही हातांत बादल्या घेऊन पायऱ्या उतरतेय आणि 26 वर्षांची मी चौकटीला धरून उभी. ती लाज मला दुखण्यापेक्षा जास्त लागली.

डॉक्टर किती केले विचारू नका, हाडांचेच तीन. एक्स-रे नॉर्मल. एका मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय काढला तो कंबरेच्या मणक्यांचा, त्यात एक चकती जराशी फुगलेली दिसली, अशी चकती तर काही न दुखणाऱ्यांचीही फुगलेली असते, पण तेवढ्यावर दोन वर्षं पट्टा बांधला, ट्रॅक्शन लावलं, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, बी-12 ची इंजेक्शनं. एक जण म्हणाले, "मैडम, वजन कम करो, टेंशन मत लो, रिपोर्ट में कुछ नहीं है." रिपोर्टमध्ये काही नाही हे ऐकून घरचे खूश होतात साहेब, आणि आपण मात्र बाहेर येऊन रिक्षात बसून रडतो, कारण आता आपल्यावर विश्वास कोण ठेवणार. ह्यांनी ठेवला, ते एक नशीब.

शेवटी निदान कुठे झालं तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. डोळा लाल, उजेड सहन होईना, त्याआधी दोनदा ॲलर्जीचे थेंब घालून झालेले. त्यांनी तपासलं, म्हणाल्या आतून सूज आहे, आणि मग मला विचारलं, रात्री कंबर दुखून जाग येते का? पडून राहिलं की वाढतं आणि चाललं की कमी होतं, असं आहे का? मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आठ वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा.

पुढे रक्तात एचएलए-बी 27, म्हणजे या आजाराशी जोडलेली जनुकाची खूण, पॉझिटिव्ह निघालं आणि या वेळी एमआरआय माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा काढला, त्यात सूज स्पष्ट होती. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. हा संधिवाताचा आजार आहे, वेळेत औषध नाही मिळालं तर काही जणांचे मणके एकमेकांना जुळून पाठ कायमची ताठ होते. बाकी कंबरदुखीला आरामाने बरं वाटतं, हिला आरामाने वाईट. साधारण चाळिशीच्या आत हळूहळू सुरू होते, तीन महिने होऊन गेले तरी जात नाही, रात्री उठवते, चाललं की सुटते. हे ओळखायला आधी मशीन नाही लागत, चार प्रश्न लागतात, दोन मिनिटांचे. साध्या एक्स-रेमध्ये दिसायला कधीकधी वर्षं जातात आणि तोवर माणूस खोटा ठरतो, बायका तर जास्तच, कारण हा पुरुषांचा आजार असं बरीच वर्षं शिकवलं गेलं.

आता औषधाचं. गोळ्यांनी भागलं नाही म्हणून ॲडॅलिम्युमॅब नावाचं सूज दाबणारं औषध चालू आहे, दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन, फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवते. दुसऱ्या महिन्यात मी सकाळी स्वतः बादल्या घेऊन खाली गेले, सासूबाई वरून बघत होत्या. भारतात याचं स्वस्त रूप 2014 पासून मिळतंय तरी आमच्या घराला ते जड आहे, ह्यांचं छोटं दुकान. आयुष्मान कार्ड आहे, 5 लाखांचं, पण ते भरती झाल्यावर. ओपीडीत बघून घरी घ्यायच्या औषधाला चालत नाही. म्हणजे मी घरात चालतीफिरती राहावी यासाठी पैसा नाही, आणि भरती होण्याइतकी बिघडले तर आहे. हे बदलायला हवं. तुम्ही राज्याकडून योजना करा, दिल्लीला लिहा, पण करा.

आणि त्याच्याही आधी ते चार प्रश्न. आपल्या राज्याने 2022 मध्ये एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत आणली, तर हे चार प्रश्न हिंदीत छापून प्रत्येक सरकारी ओपीडीच्या पर्चीमागे का नाही येऊ शकत? त्याच वर्षी लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजारसूचीत तीन महिन्यांवर टिकणाऱ्या दुखण्याला स्वतःची जागा मिळालीये, आपल्या हॉस्पिटलांत त्याला एक खिडकी द्या. प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात आठवड्यातला एक दिवस संधिवाताचा डॉक्टर बसू दे, आणि बाईला आत एकटीने बोलता येईल एवढा पडदा असू दे. आमच्या इंदूरने घराघरात ओला-सुका वेगळा करायला शिकवला, 2017 मध्ये देशात पहिला नंबर आला तो त्यामुळेच, आणि पुढेही येत राहिला. दोन तऱ्हेची कंबरदुखी वेगळी करणं त्याहून सोपं आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा मुलगा जिन्यात भेटला, 19 वर्षांचा, भंवरकुआंला कोचिंगला जातो, वाकून कठडा धरून उतरत होता. मी विचारलं, रात्री जाग येते का रे? म्हणाला, काकू, तीनला उठून गच्चीवर फेऱ्या मारतो, तुम्हाला आवाज येतो का? त्याच्याकडेही तो पट्टा आहे आणि कॅल्शियमच्या गोळ्या आहेत. त्याचे आईवडील खरगोनकडे शेती करतात. त्याला या शहरात सरकारी कुठल्या खिडकीवर, कुठल्या दिवशी पाठवू, तेवढं मला कळवा. मी स्वतः त्याला घेऊन जाईन.

आपली,
लोकमान्य नगर, इंदूरची एक रहिवासी