हौद्याखालचा हिशेब

केरी, सत्तरी
२६ ऑक्टोबर २०२५

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीला आला होतास तेव्हा निघताना म्हणालास, "बाबा, ही पिकअप आता पुरे. डाऊन पेमेंट मी भरतो, कर्जही माझ्या नावावर घेऊ." मी नुसती मान हलवली. पुण्याला पोहोचल्यावर तू आईला विचारलेस म्हणे, बाबांना राग आला का? राग नाही रे आला. इतके प्रेमाने बोललास की त्या घटकेला नाही म्हणायला जीभ रेटेना. फोनवर हे सगळे नीट सांगणे मला जमत नाही, म्हणून लिहितो.

आधी बातमी सांगतो. गाडी दुरुस्त करून घेतली. क्लच बदलला, इंजिनात डिझेल फवारणारी नोझल करून आणली. तू चालवलीस तेव्हा चढाला इंजिन ओरडत होते आणि गाडी पुढे सरकत नव्हती, ते आता गेले. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच घातले, कारण प्लेटीपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरी त्याचीच असते. मागचा ऑईल सीलही त्याच वेळी बदलला. एक बेअरिंग वाचवायला गेलो असतो तर सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा पडली असती.

यंदाचा सगळा खर्च वहीत मांडला आहे. जुलैत ब्रेक १२,८००. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), बुश, यू बोल्ट १७,२००. आता क्लच १४,५०० आणि नोझल ९,०००. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आणि इतर किरकोळ ४,५००. एकूण ५८ हजार. गाडी नऊ दिवस उभी राहिली, तेव्हा दुसऱ्याचा टेम्पो भाड्याने घ्यावा लागला आणि दोन फेऱ्या हातच्या गेल्या. ते १८ हजार मी मुद्दाम खर्चात धरले, कारण न धरता हिशेब सांगितला असता तर तुला फसवल्यासारखे झाले असते. झाले ७६ हजार.

आता तुझा हिशेब. आठ लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षे. हप्ता महिना १७ हजारांचा येतो आणि बँकेला एकंदर १० लाख २० हजार जातात. म्हणजे यंदाचे हे एवढे वाईट वर्ष नव्या गाडीच्या साडेचार हप्त्यांत बसले. दरवर्षी असेच होणार, असे तू म्हणशील. वही चाळून पाहा, तसे दिसत नाही. क्लच याआधी २०१९ साली बदलला होता. पाटे तर गाडी आपल्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच तुटले. हे सगळे झिजायचेच भाग, आणि यंदा ते एका वर्षात जमून आले.

जीएसटी उतरल्याचे तू सांगितलेस ते खरे आहे. २२ सप्टेंबरपासून मालगाडीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. दहा लाखांची गाडी त्याने सुमारे ७८ हजारांनी खाली आली. पण पार्टवरचा करही त्याच दिवशी तेवढाच उतरला. क्लचच्या बिलावर १८ टक्केच लागले आहेत.

"बाजारात दोन-अडीच लाखसुद्धा न येणाऱ्या गाडीवर ५८ हजार?" असेही तू म्हणालास. मला ती विकायची नाही, बाबू. बाजारात तिचे काय येते याला मी काय करू? पुढचे वर्षभर माल वाहायला मला किती पडतात, मी एवढेच पाहतो.

हप्त्याचे नाव काढले की मी गप्प होतो, ते का ते तुला अर्धेच माहीत आहे. २०१० साली खनिज वाहायला टिपर घेतला तेव्हा तू सहावीत होतास. डिचोलीच्या खाणींवरून आमोण्याच्या जेटीवर माल टाकायचा आणि रात्री दिवे बंद करून झोपायचे, असे दोन वर्षे चालले. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. टिपरमध्ये एक बोल्टसुद्धा बिघडलेला नव्हता, बॅटरी नवी, टायर नवे. तो अंगणात उभा, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. आपल्या कुळागरातली, म्हणजे बागेतली, दोन वर्षांची सुपारी गोवा बागायतदार सोसायटीकडे गेली आणि तिथले पैसे सरळ बँकेत गेले. शेवटी मिळेल त्या भावाला टिपर दिला. ही पिकअप २०१६ साली सेकंड हँड घेतली ती रोख मोजून. २०१४ चे मॉडेल, एका मालकाने वापरलेली. तेव्हापासून पावसात धंदा बसला तरी महिनाअखेरीला पोटात गोळा येत नाही.

पण नुसत्या भीतीपोटी जुनी गाडी ओढत राहिलो असतो तर तू मला समजावणे बरोबरच होते. म्हणून या खेपेला पैसे घालण्याआधी गाडीची नीट तपासणी करून घेतली. साखळीच्या आपल्या मेकॅनिकला सांगितले, आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बघ, मग क्लच. त्याने हौदा, म्हणजे माल भरायचा मागचा भाग, पुढून-मागून उचलून ठोकळे लावले. पाटे बसतात ती ब्रॅकेटे, स्टेपनीच्या वरचा आडवा बीम, हौद्याच्या बोल्टांखालच्या जागा, अशा सगळीकडे आपली तांबडी माती आणि पावसाचे पाणी मिळून चिखल साठतो. तो महिनोन्‌महिने ओला राहतो आणि लोखंड आतून खातो. वरून रंग मात्र शाबूत दिसतो. त्याने हातोडीने इंच इंच ठोकत नेले. चांगल्या लोखंडाचा टण्ण आवाज येतो, कुजलेल्याचा बद्द. उभे, म्हणजे गाडीच्या लांबीचे, दोन्ही बीम टोकापासून टोकापर्यंत खणखणीत वाजले. स्टेपनीच्या वरच्या आडव्या बीमवर आवाज बसला. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला तर पापुद्रे सुटले आणि दीड इंचाचे भोक पडले. तो आडवा बीम बदलला. उभ्या बीमला जर असे भोक निघाले असते तर मी तिथल्या तिथे त्याला थांबवले असते. उभ्या बीमवर मनाला येईल तिथे वेल्डिंग केले की आजूबाजूचे लोखंड तापून कमजोर होते, आणि पुढे भर लोडमध्ये तिथेच वाकते. आपल्या वाड्याखालच्या एका गाडीचे तेच झाले. मालकाने आधी इंजिन बांधून घेतले आणि चार महिन्यांत पाट्याच्या ब्रॅकेटपाशी चासी मोडली. नव्यासारखे इंजिन भंगारात विकावे लागले.

खाली वाकून मेकॅनिक म्हणाला, "चासी घट आसा." म्हणजे मजबूत आहे. ते ऐकले आणि मगच मी क्लचचे पैसे दिले.

एक सवय मात्र मी सोडली आहे. पावसाआधी चासीला जळके ऑईल फासायचो ना, ते गंजाला अडवते खरे, पण रबरी बुशांवर उडाले की रबर फुगते, मऊ पडते. माझे दोन बुश त्यानेच गेले. आता आधी पाण्याच्या जोराने माती काढतो, दोन दिवस उन्हात सुकवतो आणि चासीपुरता काळा रंग मारतो.

आता जे तुला आणि आईला सांगितले नव्हते ते सांगतो. जुलैत एका शनिवारी रात्री उशिरा आलो, घाटात झाड पडले होते म्हणालो. झाड पडले नव्हते. बेळगावची भाजी भरून चोर्ला घाट उतरत होतो, धुके दाट, पाऊस. अर्ध्या घाटात ब्रेकचे पॅडल एकदम मऊ झाले, खाली खाली जाऊ लागले. भराभर पॅडल मारले, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढली, हँडब्रेक हळूहळू लावत डोंगराच्या बाजूला घेतली. थांबली. अर्धा तास हात थरथरत होते. मग पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी खाली उतरलो.

तिथे बसून मला वाटले, बाबू म्हणतो ते खरे, गाडी म्हातारी झाली. दुसऱ्या दिवशी ब्रेक उघडला तेव्हा खरे कारण कळले. मागच्या एका चाकाचा सिलिंडर झिरपत होता, आणि चार वर्षे मी ब्रेक ऑईल बदललेच नव्हते. हे ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा? घाटात सतत ब्रेक लावून चाके तापली की त्यातल्या पाण्याची वाफ होते. पॅडल मग ऑईलऐवजी वाफ दाबते. यात गाडीच्या वयाचा दोष नव्हता, दोष माझ्या दुर्लक्षाचा होता. नवी गाडी घेऊन मी चार वर्षे तसेच वागलो असतो तरी त्याच वळणावर तेच घडले असते. सिलिंडर, लायनर, गंजलेले पाइप सगळे बदलले. आता दर दोन वर्षांनी मे महिन्यात ऑईल बदलायचे, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. खोटे बोललो त्याची तुझ्याकडे आणि आईकडे माफी मागतो. आईला काल सांगितले. ती दुपारपर्यंत बोलली नाही.

पाटे तुटले तेही ऐक. चवथीच्या आदल्या दोन दिवसांत माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळांचा, माल भरला होता, नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंगण, वर कांगले आणि कवंडळ ही रानफळे घेऊन बसलेली माणसे. मुख्य पाटा मधोमध गेला. लोड जास्त होता, हे मी कबूल करतो. आता हौद्याच्या कडेला खूण केली आहे, नारळ त्याच्या वर भरायचे नाहीत.

एका दुकानदाराने ब्रेकचे किट डुप्लिकेट दिले होते. डबा हुबेहूब तसाच, पण रबराला हात लावताच मेकॅनिकने बाजूला टाकले. तेव्हापासून ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा पार्ट मी कंपनीच्या अधिकृत दुकानातूनच आणतो. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

नव्या गाडीत दोष आहेत असे मी म्हणत नाही. २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्या धूर कमी सोडतात, आणि आपली जुनी काळा धूर ओकत होती ते मलाही खटकायचे. म्हणूनच नोझल केली. पण त्या गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते, आणि ती काजळी जळून जायला इंजिन बराच वेळ चांगले तापावे लागते. माझा निम्मा दिवस कुळागर ते रस्ता, रस्ता ते गोदाम अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत जातो. शुक्रवारच्या म्हापशाच्या फेरीत ती साफ होईल कदाचित. घ्यायची वेळ येईल तेव्हा हे नीट विचारून घेऊ.

आणि घ्यायची वेळ येणार आहे, ते मी नाकारत नाही. उभा बीम बद्द वाजला की त्या दिवशी गाडी बंद. ऑईलचे झाकण काढल्यावर भकाभका धूर येऊ लागला आणि अर्धे इंजिन उघडायची वेळ आली, तर तो लाखाच्या वरचा खर्च मी करणार नाही. यातले काहीच झाले नाही तरी २०२९ ला तिला पंधरा वर्षे होतील, तेव्हा ती सोडायची. आठ वर्षांनंतर फिटनेस तसाही दरवर्षी करावा लागतो, तेव्हा वर्षातून एकदा तिची परीक्षा होतच असते.

नोव्हेंबरपासून बँकेत महिना आठ हजारांची आवर्त ठेव सुरू करतो. ऑक्टोबर २०२९ पर्यंत ४८ महिने, म्हणजे मुद्दल ३ लाख ८४ हजार. त्यात व्याज आणि जुनीचे जे येतील ते. उरलेल्याला कर्ज घेऊ, ते माझ्या नावावर आणि लहानसे. तुझ्या नावावर आज गाडीचे कर्ज चढले तर उद्या घरासाठी गेलास की बँक तो हप्ता तुझ्या पगारातून आधी वजा धरेल. पुण्यात तुला घर घ्यायचे आहे, ते मला ठाऊक आहे. त्याच्या आड मला यायचे नाही.

तुला खरेच काही करायचे असेल तर दोन गोष्टी कर. डिसेंबरात येशील तेव्हा एक अख्खा दिवस मोकळा ठेव. दोघे मिळून चासी धुऊ, सुकवू आणि हातोडीने पुन्हा ठोकून पाहू. माझे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, मला तुझे कान हवेत. आणि पुढच्या पाट्यांचे शॅकल बुश इकडे चांगले मिळत नाहीत, येताना पुण्याहून चार घेऊन ये. जुन्याचा फोटो आणि त्यावरचा नंबर आई तुला पाठवते.

तुझा,
बाबा