शपथ मोडल्यानंतर काय?

मा. संपादक,
स. न.

व्यसनमुक्तीवर जे काही छापून येते त्यात निर्धार आणि शपथ यांवरच सगळा भर असतो. समुपदेशक म्हणून व्यसन सोडू पाहणाऱ्यांशी माझे रोज बोलणे होते. शपथ मोडली तर पुढे काय करायचे, हे त्यांतल्या फार थोड्यांना कुणी सांगितलेले असते.

कित्येक महिने दारूला न शिवलेला माणूस एखाद्या संध्याकाळी एक पेग घेतो. लगेच मनात येते, ‘झाले, सगळे मुसळ केरात. आता घेतलीच आहे तर पोटभर घेऊ.’ त्या पेगपेक्षा हा विचारच त्याला जास्त बुडवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी याचा बारकाईने अभ्यास केला आणि ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ मध्ये पुन्हा व्यसनाकडे वळणे रोखण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. बहुतेकांचा पाय घसरतो तो निराशा-चिंतेत, भांडणानंतर किंवा सोबत्यांच्या आग्रहापुढे, असे त्यांना आढळले.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारात, हाच प्रसंग कागदावर उलगडला जातो. वेळ कोणती, सोबत कोण, आधी काय घडले, मनात काय आले. सुरुवात बरीच आधी सापडते : घरी खटका उडाला, जेवण राहिले, मग ‘सहज’ म्हणून जुन्या मित्राला फोन केला. फोन करताना पिण्याचा विचारही नव्हता, असे तो माणूस अगदी मनापासून सांगतो. पुढच्या वेळी त्या फोनच्या जागी काय करायचे, हे मग ठरते. नकाराची तालीमही होते, मोठ्याने. ‘नको, मी सोडली आहे’ एवढे नजर न चुकवता म्हणायला भल्याभल्यांना जड जाते. तलफ चढते तशी ओसरतेही, हे अनुभवातून शिकावे लागते.

इतर मार्ग कमी प्रतीचे आहेत, असे मी म्हणत नाही. अमेरिकेतील ‘प्रोजेक्ट मॅच’ या मोठ्या अभ्यासात (१९९७) सीबीटी, प्रेरणा वाढवणारे समुपदेशन आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या स्वमदत गटाच्या बारा पायऱ्यांवर आधारलेले उपचार यांचे परिणाम जवळपास सारखेच आले. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतते. तिथे आधी डॉक्टरच हवा.

मुलांच्या बाबतीत नुसती भीती घालून फारसे साधत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट बॉटविन यांच्या शाळकरी मुलांसाठीच्या जीवनकौशल्य कार्यक्रमात नकार देणे, ताण हाताळणे शिकवतात आणि ‘सगळेच घेतात’ हा समजही खोडून काढतात. बरोबरीची मुले प्रत्यक्षात घेतात त्यापेक्षा जास्त घेत असतील, असे मुले धरून चालतात.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तो पुन्हा प्यायला तर त्याच रात्री जाब विचारू नका. शुद्धीवर आल्यावर ‘त्याआधी काय झाले होते?’ एवढे विचारा आणि त्याच आठवड्यात त्याला समुपदेशकाकडे घेऊन जा. आपल्या वृत्तपत्रानेही व्यसनावरील लेखांत ही माहिती आवर्जून द्यावी.

– एक समुपदेशक