प्रोफाइल आहे, पण सापडत नाही

संपादक महोदय,

डिप्लोमा झालेली आपली पोरं लिंक्डइनवर अकाउंट काढतात आणि हेडलाईनमध्ये (नावाखालच्या ओळीत) नुसतं 'फ्रेशर' नाहीतर 'जॉब हवाय' टाकून मोकळी होतात, पण रिक्रूटर शोधतो ते कामाच्या नावाने, स्किलने, शहराने, मग ही पोरं त्याला दिसणार तरी कशी? हेडलाईनला २२० अक्षरं मिळतात, तिथे 'सीएनसी प्रोग्रामर, फॅनुक कंट्रोल, चाकण' असं सरळ लिहा ना! लोकेशनला नुसतं 'इंडिया' नको, पुणे टाका. आणि 'ओपन टू वर्क' ही नोकरी शोधत असल्याची खूण फक्त रिक्रूटरनाच दिसेल असंही ठेवता येतं, हे नोकरीत असलेल्यांना कुणी सांगतच नाही (अर्थात आपल्या कंपनीला कळणारच नाही याची गॅरंटी लिंक्डइन देत नाही). कॉलेजांनी शेवटच्या वर्षाला यासाठी एखादा तास द्यायलाच हवा, हातात कसब असलेली पोरं अशी मागे राहिलेली बघवत नाहीत.

- एक वाचक, पिंपरी