सफरचंदाच्या बातमीत चौथ्या वर्षाची विक्रीची पट्टी पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांपासून उन्हाळा आला की पेपरात एक बातमी ठरलेली असते, अमुक गावच्या माळरानावर सफरचंद पिकलं, आणि सोबत हातात दोन-चार फळं घेऊन उभ्या शेतकऱ्याचा फोटो. शेतकऱ्याचं कौतुक झालंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण ही बातमी वाचून दुसऱ्या दिवशी आमच्या सांगोल्याकडची पोरं नर्सरीला फोन लावतात, कारण डाळिंबाच्या बागा तेल्या आणि मर रोगानं गेल्यात, पिन होल बोरर किडीनं खोडं पोखरलीत, रान मोकळं पडलंय आणि ठिबक तसंच अंथरलेलं आहे. त्यांना काहीतरी नवीन लावायचंच आहे. म्हणून म्हणतो, सफरचंदात खरोखर नवीन काय आलंय आणि त्यातलं सोलापूरला कुठवर चालेल हे पण एकदा सविस्तर छापा.

सफरचंदाला थंडी लागते ती डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, फुटायला. पानं गळाली की झाड झोपी जातं, आणि ७ अंशाच्या खालचे ठराविक तास मिळाल्याशिवाय डोळा नीट फुटत नाही. शिमला-काश्मीरकडच्या रेड डिलिशियसला असे हजाराच्या आसपास तास लागतात. आपल्याकडे सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर फिरताना स्वेटर घालतो तेवढीच थंडी, पहाटे पारा १२-१५ वर आणि दुपारी परत ३० च्या घरात, म्हणजे त्या हिशोबात आपले तास जवळपास शून्य. मग कमी थंडीत येणाऱ्या जाती आल्या, इस्रायलची अॅना, बहामा बेटांवरची डॉर्सेट गोल्डन आणि हिमाचलात बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी काढलेली एचआरएमएन-९९, त्यासाठी त्यांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली. शेतकऱ्यानं स्वतःच्या बांधावर काढलेली जात आहे, त्याचं मोल आपल्याला कुणी सांगायला नको, आपल्याच नान्नजच्या शेतकऱ्यानं सोनाका द्राक्ष दिलंय. पण कमी थंडी म्हणजे बिनथंडी नव्हे. अॅनाला पण दोन-तीनशे तास धरतात, आणि तिच्यासोबत परागीकरणाला डॉर्सेट लावावीच लागते, नुसती अॅना लावली तर सेटिंग, म्हणजे फळधारणा, कमी होतं. हे नर्सरीवाला सांगतो का? सफरचंद लावलेल्या आमच्या पाहुण्यांना तर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या बागेत मी मुद्दाम झाडं बघून आलो. फांदीच्या शेंड्याला पानांचा झुपका आणि खाली हातभर फांदी नुसती काठीसारखी उघडी, त्यावरचे डोळे फुटलेलेच नाहीत. एकाच झाडावर एका बाजूला फुलं, दुसऱ्या बाजूला गोटीएवढी फळं आणि एक फळ पिकत आलेलं. दिसायला छान वाटतं, फोटोला तर फारच छान, पण ज्यानं बाग केलीय त्याला कळतं की अशा झाडावर औषध कधी मारायचं, खत कधी सोडायचं, तोडा कधी करायचा आणि व्यापाऱ्याला माल कधी आहे म्हणून सांगायचं, काहीच ठरत नाही. थंडी पुरी न मिळाल्याची ही खूण आहे.

आता यावर उपाय जगात नाही असं नाही, आणि मला वाटतं आपल्या सोलापूरकरांनी खरं लक्ष घालायची जागा हीच आहे. इंडोनेशियात जावा बेटाच्या पूर्व भागात मलंगजवळ बाटू म्हणून भाग आहे, पार विषुववृत्ताजवळ, तिथं थंडीचे तास मिळतच नाहीत तरी लोकं कित्येक वर्षं सफरचंद काढतात आणि वर्षातून दोनदा पण घेतात. काय करतात तर तोडा झाल्यावर थोड्या दिवसांनी झाडाची सगळी पानं हातानं काढून टाकतात, झाड गाढ झोपेत जायच्या आतच डोळा फोडतात, फांद्या वाकवून बांधतात म्हणजे खालचे डोळे पण फुटतात. आता सांगा, हे कुणाला ओळखीचं वाटत नाही? आपण डाळिंबाला पाणी तोडून ताण देतो, इथरेल औषध मारून पानगळ करतो, छाटणी करतो, मग खत घालून पाणी सोडतो आणि मृग, हस्त किंवा आंबे बहार धरतो, म्हणजे हव्या त्या हंगामात झाड फुलावर आणतो. द्राक्षवाले ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड या औषधाचं पेस्टिंग करतात, म्हणजे लेप लावतात, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात, आणि तेच औषध थंडी कमी पडते त्या देशांत सफरचंदाला पण वापरतात. म्हणजे झाडाला हवं तेव्हा झोपवायचं आणि हवं तेव्हा उठवायचं हे काम सोलापूरच्या माणसाला शिमल्याच्या माणसापेक्षा जास्त येतं. फक्त बाटू सातशे मीटरच्या वर, थंड हवेचं ठिकाण आहे आणि आपण साडेचारशेच्या आसपास, बाटूला ४३ डिग्रीचा मे महिना नसतो, एवढा फरक ध्यानात ठेवायला पाहिजे.

आणि याच फरकामुळं मला बहाराच्या वेळेचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा वाटतो. सध्या सगळे उत्तरेसारखं फेब्रुवारीत फूल आणि जूनमध्ये फळ या वेळापत्रकानं चाललेत. म्हणजे फळ पोसायचं ते नेमकं एप्रिल-मेच्या उन्हात. उन्हाकडच्या बाजूनं फळ भाजतं, आणि लाल रंग यायला रात्री गार लागतात, आपल्याकडे मेच्या रात्री २५ च्या वर, मग फळ पिवळट राहतं आणि आतून लवकर पिठूळ होतं. त्यापेक्षा हस्त बहारासारखं सप्टेंबरअखेर पानगळ केली, ऑक्टोबरमध्ये फूल काढलं तर या लवकर येणाऱ्या जातींचं फळ फेब्रुवारीच्या सुमारास निघावं, म्हणजे फळ पोसायचा सगळा काळ आपल्या गार दिवसांतला. निघेल का, सेटिंग होईल का, परतीच्या पावसात फूल गळेल का, हे कुणीतरी चार-पाच वर्षं लावून, मोजून, लिहून ठेवायला पाहिजे. ते काम दोन एकर कर्ज काढून लावणाऱ्या पोरावर ढकलू नका.

दुसरी गोष्ट खुंटाची, म्हणजे ज्यावर जातीचं कलम बांधतात त्या खालच्या मुळाच्या रोपाची. तिकडं हिमाचल-काश्मीरला आता घन लागवड चाललीय, एम-९ या बुटक्या खुंटावर, तारांच्या आधारानं, हेक्टरी अडीच-तीन हजार झाडं, पूर्वी तीनशेच्या आसपास असायची. तिसऱ्या वर्षी माल चालू होतो, वर गारपिटीची जाळी, खाली ठिबक, सगळं छान. पण एम-९ ची मुळं वरच्यावर आणि ठिसूळ, आधार आणि पाणी सुटलं की संपलं, आपल्या पाण्याच्या भरवशावर त्याचा विचार दहादा करावा. एमएम-१११ या खुंटाची मुळं खोल जातात आणि तो पाण्याचा ताण सोसतो, आपल्या मुरमाड रानाला तोच त्यातल्या त्यात बरा वाटतो. एमएम-१०६ काळ्या भारी रानात लावला तर पाणी साचून बुडकुज ठरलेली. त्यात आपल्याकडं चुनखडीची रानं, लोह लागत नाही म्हणून पानं पिवळी. एवढं सगळं खुंटावर अवलंबून असताना पाहुण्यांनी रोपं घेतलेल्या नर्सरीनं (नाव लिहीत नाही) पावतीवर नुसतं सफरचंद रोप एवढंच लिहून दिलं होतं, जात नाही, खुंट नाही, आणि काही रोपांना तर कलमाचा जोडच दिसत नव्हता. कृषी विभागानं निदान एवढं तरी सक्तीनं बघावं की रोपाच्या पावतीवर जात आणि खुंट दोन्ही लिहिलेलं आहे.

बाजाराचं पण बोलायला पाहिजे. जूनमध्ये मार्केटला सफरचंद नसतं म्हणून भाव मिळेल असं सगळे सांगतात. पण आता सीए स्टोरेज आलंय, म्हणजे बंद खोलीत शून्य-एक डिग्रीला ठेवायचं आणि हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून दोन-तीनवर आणायचा, त्यात फळ आठ-दहा महिने करकरीत राहतं. वर परदेशातला माल येतोच, २०२३ ला केंद्रानं ५० रुपये किलोच्या खालच्या आयातीवर बंदी घातली तरी महागडा माल यायचा थांबलेला नाही. सोलापूरच्या फळबाजारात मे महिन्यात पण स्टिकर लावलेलं लालबुंद सफरचंद मिळतं. त्याच्या शेजारी आपलं पिवळट, दोन आठवड्यात मऊ पडणारं फळ ठेवल्यावर गिऱ्हाईक किती देणार? गावात, हायवेला, ओळखीत विकून पहिल्या वर्षी चांगले पैसे होतात हे खरं आहे, कारण चार क्रेट माल नवलाईवर खपतो. एकरभर माल निघाल्यावर अडत्याकडं काय होतं ती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, मला अजून कुठल्या बातमीत दिसली नाही.

म्हणून विनंती अशी की ज्यांच्या बातम्या आधी छापल्या त्यांच्याकडं तुमचा वार्ताहर परत पाठवा. झाडं किती राहिली, चौथ्या वर्षी किलो किती निघाले, पट्टीला काय दर लागला, एवढं विचारून छापा, चांगलं असेल तर चांगलं छापा, मला आनंदच होईल. आणि राहुरी विद्यापीठाचं कोरडवाहू संशोधन केंद्र सोलापुरात आहे, बहाराचं शास्त्र जाणणारं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावला आहे, या दोघांनी मिळून अर्ध्या एकराचा प्लॉट घालावा हे तुमच्या पेपरातून त्यांच्यापर्यंत गेलं तर लवकर पोचेल. अॅना, डॉर्सेट आणि एचआरएमएन, तिन्ही एमएम-१११ वर, निम्म्या झाडांना हस्त बहार आणि निम्म्यांना उत्तरेचं वेळापत्रक, वर शेडनेट असलेल्या आणि नसलेल्या ओळी. जागेची अडचण असेल तर माझं मुरमाड रान आहे, ठिबक आहे, शेततळ्यात उन्हाळाभर पाणी पुरतं, त्यातला अर्धा एकर पाच वर्षांसाठी मी विनामोबदला द्यायला तयार आहे.

आपला,
एक डाळिंब उत्पादक शेतकरी
ता. सांगोला, जि. सोलापूर