सुहास, तुझ्या गोळ्यांबद्दल

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ जुलै २०२५

प्रिय सुहास,

गेल्या महिन्यात गंगावेशीत दूध कट्ट्यावर मी सवयीनं दोन ग्लास सांगितले. समोर म्हशीची धार निघत होती, फेस काठावर आला आणि तू हात मागं घेतलास. "कच्चं दूध बंद आहे रे." तालमीतून सुटल्यावर पैजेनं प्यायचो आपण! माझाही ग्लास मग घशाखाली उतरला नाही. पुढं रंकाळ्यावर तू विचारलंस, "ह्या गोळ्या मरेपर्यंत काय?" तेव्हा मी गप्प बसलो. फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा आज सगळं लिहितो.

तुझी टॅक्रोलिमसची गोळी आईंनी तुला दिलेली किडनी सांभाळते, पण ती सगळ्या अंगाची प्रतिकारशक्ती दाबते. म्हणून तर मार्चात नागीण उठली. औषध हवं तिथंच पोचलं तर? याच प्रश्नामागं काही लोक लागलेत.

मी रोज पंधरा-वीस लिपिड प्रोफाइलवर सही करतो. एचडीएल ४२, एचडीएल ३८. लोक 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात आणि कागद घडी घालून खिशात ठेवतात. पण एचडीएल हा रक्तात फिरणारा चरबीचा बारका कण आहे. बाहेरून ए-वन नावाच्या प्रथिनाचा पट्टा, आत चरबी. जाडी साधारण दहा नॅनोमीटर, म्हणजे एका केसाच्या रुंदीत सात-आठ हजार मावतील. शरीराचाच असल्यामुळं त्याला कुणी परका समजत नाही. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या, जंतू गिळणाऱ्या पेशींकडं, म्हणजे मोनोसाइट आणि मॅक्रोफेजकडं, तो आपसूक जातो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय या वैद्यकीय संस्थेत विलेम मुल्डर आणि सहकाऱ्यांनी हेच हेरलं. तेच प्रथिन आणि चरबी घेऊन त्यांनी कण बनवले आणि आत औषध बसवलं.

या पेशींना आठवण नसते असं आम्ही शिकलो होतो. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या मिहाई नेतेआ यांनी 'ट्रेन्ड इम्युनिटी', म्हणजे शिकवलेली प्रतिकारशक्ती, ही कल्पना मांडली. मी तिला तालीमच म्हणतो. बीसीजीची लस टीबीसाठी, पण ती टोचल्यावर या पेशी इतर जंतूंवरही जास्त जोरानं तुटून पडतात, कारण त्यांची घडण अस्थिमज्जेतच बदलते. नवा अवयव बसवला की हीच तालीम उलटते. चेकाळलेल्या मॅक्रोफेज परक्यावर हल्ला करणाऱ्या टी-पेशींना चिथावतात आणि अवयव नाकारला जातो.

२०१८ मध्ये मुल्डर यांच्या गटानं एचडीएलच्या कणात रॅपामायसिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध भरलं. (हे औषध ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जंतूपासून मिळालं. ती माती १९६४ साली गोळा केली होती. मला ही गोष्ट फार आवडते.) एका उंदराचं हृदय दुसऱ्याला बसवलं आणि पहिल्या आठवड्यात तीनच डोस दिले. जोडीला चिथावणीचा दुसरा संकेत रोखणारे कणही दिले, तेव्हा बहुतेक हृदयं शंभर दिवसांनंतरही धडधडत होती. रोजची गोळी नाही, सुहास. तीन डोस! ते वाचून मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. दोन वर्षांनी त्यांनी उलटंही करून दाखवलं. जंतूच्या भिंतीसारखा तुकडा कणात भरून त्यांनी तालीम वाढवली आणि उंदरांतल्या मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाची, वाढ आवरली.

आता खरं सांगतो, कारण तुला खोटी आशा लावणं मला जमणार नाही. हे उंदरांचं आहे. तुझ्यासारख्या माणसाच्या हातात ते कधी येईल, हे मी सांगू शकत नाही. हृदयविकारासाठी माणसाच्या रक्तातलं हेच प्रथिन अठरा हजारांहून जास्त रुग्णांवर तपासलं गेलं. २०२४ मध्ये निकाल आला आणि नव्वद दिवसांत पुढचे झटके म्हणावे तसे कमी झाले नव्हते. मला त्याचं वाईट वाटलं. तरी त्यातल्या सुमारे निम्म्या लोकांना ते शिरेतून देता आलं, हेही थोडं नाही. स्वतः औषध म्हणून ते कमी पडलं, पण औषध वाहून न्यायला चालेल, असं मला मनापासून वाटतं.

तोवर एकही गोळी चुकवू नकोस. सकाळी नऊ, रात्री नऊ. आईंना सांग, मी विचारत होतो. पाऊस थांबला आणि पंचगंगा ओसरली की गडहिंग्लजहून सकाळच्या पहिल्या एसटीनं ये. लेव्हलचं, म्हणजे अंगात औषध किती आहे ते मोजायचं, रक्त गोळीच्या आधी द्यायचं असतं, तेव्हा गोळी खिशात ठेव, रक्त दिल्यावरच घे. मी लॅब सातलाच उघडतो. नंतर घरी जाऊ. दूध चांगलं उकळून ठेवायला सांगितलंय.

तुझाच,
विलास